युरोपातील सरकारी मक्ते आणि निविदाकाराची पूर्वतयारी

युरोपीय संघाच्या सत्तावीस देशांत मंत्रालये, नगरपालिका, इस्पितळे, विद्यापीठे अशा अडीच लाखांहून अधिक सार्वजनिक संस्था अखंड खरेदी करीत असतात, आणि युरोपीय आयोगाच्या हिशेबाप्रमाणे या खरेदीचा खर्च संघाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे १४ टक्क्यांपर्यंत जातो. एवढ्या मोठ्या बाजारपेठेकडे पुण्यातला यंत्रभाग घडविणारा कारखानदार, किंवा डब्लिन, आइंडहोव्हन, म्युनिक अशा शहरांत स्थायिक होऊन संगणकसेवेची लहानशी कंपनी चालविणारा मराठी गृहस्थ बहुधा पाठ फिरवून बसतो. कारण सरकारी मक्ता म्हणजे ओळखीपाळखीचा आणि दरबारी वजनाचा मामला, ही समजूत आपण घरून बरोबर घेऊन गेलेलो असतो. तेथे पक्षपात कधी घडतच नाही, असे कोणी म्हणू नये. परंतु संघाच्या निर्देशांनी आणि लक्झेंबर्ग येथील न्यायालयाच्या निवाड्यांनी गेल्या काही दशकांत जी पद्धती उभी केली आहे, तिचे मर्म ध्यानात घेतले तर परक्या आणि लहान पुरवठादारालाही तिच्यात उभे राहण्यास जागा आहे, असे माझे निश्चित मत आहे. ते मर्म असे की, खरेदीदार संस्थेने कागदावर जे मागितले आणि निविदाकाराने कागदावर जे दिले, त्यापलीकडचे काहीही निर्णयात येता कामा नये. आणि हे बंधन दोन्ही पक्षांवर सारखेच पडते.

निविदेचा मसुदा हाती घेण्यापूर्वी मात्र आपल्याला ती भरण्याचा अधिकार आहे की नाही, हे तपासले पाहिजे. सरकारी खरेदीविषयी जागतिक व्यापार संघटनेच्या छत्राखाली जो करार झालेला आहे, त्याचा भारत सभासद नाही. २०१० पासून तो केवळ निरीक्षक आहे. याचा परिणाम काय होतो, हे २२ ऑक्टोबर २०२४ च्या एका निवाड्याने स्पष्ट झाले. क्रोएशियातील लोहमार्गाच्या कामासाठी निविदा भरणाऱ्या कोलिन नावाच्या तुर्की कंपनीने तेथील निर्णयाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा लक्झेंबर्गच्या न्यायालयाने असे ठरविले की, ज्या देशाचा संघाशी सरकारी खरेदीविषयी करार नाही, त्या देशातील निविदाकाराला समान वागणुकीचा हक्क संघाच्या निर्देशाच्या आधारे सांगता येत नाही; त्याला आत घ्यावे की न घ्यावे, हे खरेदीदार संस्थेने ठरवावे. म्हणजे भारतात नोंदलेल्या कंपनीला दार बंद नाही, पण उघडलेच पाहिजे असा आग्रह तिला धरता येणार नाही. अशा कंपनीने जाहिरातीतील सहभागाचे कलम आधी वाचावे, संदिग्धता वाटल्यास खरेदीदार कचेरीला लेखी विचारावे, आणि होकार आल्याशिवाय निविदेवर खर्च करू नये.

याहून भरवशाचे मार्ग दोन आहेत. एखाद्या सदस्य देशातील कंपनीची भागीदार किंवा उपमक्तेदार म्हणून कामात शिरणे, हा पहिला; ज्याला युरोपचा अनुभव शून्य आहे, त्याने मी तर म्हणेन की येथूनच आरंभ करावा, कारण दुसऱ्याच्या निविदेत आपला भाग लिहून देताना जे शिक्षण मिळते ते अन्यत्र मिळत नाही. दुसरा मार्ग सदस्य देशात स्वतःची कंपनी स्थापन करण्याचा. तेथे नोंदलेली आणि तेथे खरोखर व्यवहार करणारी कंपनी त्या देशाची गणली जाते. तथापि केवळ दारावर पाटी लावून भागेल, अशा भ्रमात राहू नये, कारण आंतरराष्ट्रीय खरेदीविषयीच्या २०२२ सालच्या नियमात कंपनीचे मूळ ठरविताना तिचा तेथील भरीव व्यवहार पाहावा, असे सांगितले आहे. ब्रिटनचा कायदा आता निराळा आहे. तेथे २०२३ चा खरेदी कायदा २४ फेब्रुवारी २०२५ पासून अंमलात आला असून, २४ जुलै २०२५ रोजी भारताशी स्वाक्षरी झालेल्या व्यापार करारात सरकारी खरेदीवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा आधार घेण्यापूर्वी करार अंमलात आल्याची आणि आपले काम त्याच्या कक्षेत पडत असल्याची खात्री करून घ्यावी.

संघातील मोठ्या निविदा शोधण्यासाठी कोणा दलालाला पैसे मोजण्याचे कारण नाही. लक्झेंबर्गच्या प्रकाशन कार्यालयाकडून 'टेंडर्स इलेक्ट्रॉनिक डेली', म्हणजे 'टेड', हे दप्तर सोमवार ते शुक्रवार विनामूल्य प्रसिद्ध होते आणि जाहिरातींचा सारांश चोवीस भाषांत उपलब्ध असतो. विशिष्ट रकमेवरील काम तेथे जाहीर करणे बंधनकारक आहे. ही मर्यादा दर दोन वर्षांनी बदलते, आणि २०२६ व २०२७ या वर्षांसाठी ती बांधकामांना ५४ लाख ४ हजार युरो, केंद्रीय सरकारी खात्यांच्या बहुतेक वस्तू-सेवांना १ लाख ४० हजार युरो, आणि नगरपालिकादी स्थानिक संस्थांना २ लाख १६ हजार युरो अशी आहे. त्याखालील कामे त्या त्या देशाच्या दप्तरात सापडतात: नेदरलँड्समध्ये 'टेंडरनेड', आयर्लंडमध्ये 'ई-टेंडर्स', फिनलंडमध्ये 'हिल्मा', फ्रान्समध्ये 'बोआम्प'. लहान पुरवठादाराने या खालच्या कामांकडे आधी पाहावे. प्रत्येक जाहिरातीवर मालाचा आठ अंकी वर्गीकरण-क्रमांक असतो. औषधे ३३६ ने, बांधकामे ४५ ने, संगणकसेवा ७२ ने सुरू होतात. शब्दांनी शोधण्यापेक्षा या क्रमांकाने शोधावे, कारण शब्द देशोदेशी बदलतात आणि क्रमांक बदलत नाही.

या दप्तराचा एक उपयोग नवख्याच्या सहसा ध्यानात येत नाही. मक्ता दिल्यावर त्याचीही जाहिरात द्यावी लागते, आणि तीत कोणाला, बहुधा कितीला आणि किती निविदांमधून काम मिळाले हे नमूद असते. चौकट-करार, म्हणजे ज्याखाली ठरावीक काळ लागेल तशी खरेदी होत राहते तो करार, सामान्यतः चार वर्षांहून अधिक काळ चालू शकत नाही. तेव्हा आपल्या क्रमांकाच्या मागील चार वर्षांच्या निकालांचे वाचन केले तर कोणत्या शहराचा करार कधी संपणार, तेथे स्पर्धा दोघांची की बाराजणांची, आणि भावाची पातळी कोणती, याचा नकाशा कोणालाही न विचारता तयार होतो. जाहिरात निघाल्यावर जागा होणाऱ्याला खुल्या पद्धतीत तयारीसाठी साधारणतः तीस-पस्तीस दिवस मिळतात. हा नकाशा ज्याच्या हाती आहे त्याला एक वर्ष मिळते.

आता निविदेच्या वाचनाकडे वळू. माझ्या मते सर्व कामाचा अर्धा भाग येथेच आहे, आणि तो कसा करावा हे सांगण्यास न्यायालयापुढे आलेली दोन प्रकरणे फार उपयोगी पडतात.

आयर्लंडमधील डंडॉक शहराच्या पाणीपुरवठा योजनेत नळ कोणत्या प्रतीचे हवेत हे सांगताना केवळ एका आयरिश मानकाचा क्रमांक दिलेला होता. स्पेनमध्ये बनलेले नळ देऊ करणाऱ्या निविदाकाराला, आयरिश प्रमाणपत्राविना तुमचा विचार होणे नाही, असे सुनावण्यात आले. २२ सप्टेंबर १९८८ च्या निवाड्यात न्यायालयाने त्या कलमात 'अथवा समतुल्य' हे शब्द नसल्याबद्दल आयर्लंडला दोषी धरले. आज हे शब्द निर्देशातच आलेले आहेत. म्हणून एखाद्या अटीत विशिष्ट देशाचे मानक, विशिष्ट छाप किंवा विशिष्ट कारखान्याचा जिन्नस मागितलेला दिसला, तर आपण बाद झालो असे समजून कागद मिटू नये. समतुल्यतेचा पुरावा, म्हणजे चाचणी-अहवाल, प्रयोगशाळेचा दाखला आणि दोन्ही मानकांची कलमवार तुलना, निविदेसोबत जोडावा. पुरावा जोडण्याची जबाबदारी मात्र संपूर्णपणे आपली आहे, आणि खरेदीदाराने तो स्वतः शोधून काढावा, अशी अपेक्षा करता येत नाही.

दुसरे प्रकरण अधिक बोधप्रद आहे. १९९६ मध्ये आर्मेनिया आणि अझरबैजान येथील जनतेसाठी फळांचा रस व मुरंबे पुरविण्याची निविदा खुद्द युरोपीय आयोगाने काढली आणि पुरवठादाराला मोबदला म्हणून बाजारातून काढून घेतलेली सफरचंदे व संत्री मिळतील असे जाहीर केले. मक्ता दिल्यानंतर सफरचंदांऐवजी पीच घेण्याची मुभा आयोगाने दिली. पराभूत झालेल्या एका इटालियन कंपनीने यास हरकत घेतली, कारण पीच मिळणार हे आधी कळते तर तिनेही आपला भाव निराळा लावला असता. प्रकरण आठ वर्षे चालले, आणि २९ एप्रिल २००४ रोजी आयोगाचे अपील फेटाळताना न्यायालयाने जे तत्त्व सांगितले ते प्रत्येक निविदाकाराने मनावर कोरून घ्यावे: सर्व अटी अशा स्पष्ट आणि निःसंदिग्ध असल्या पाहिजेत की, सामान्य दक्षता बाळगणाऱ्या प्रत्येक निविदाकाराला त्यांचा एकच अर्थ लागावा, आणि खरेदीदाराने त्या अटी काम पूर्ण होईपर्यंत स्वतःही पाळल्या पाहिजेत. संघाचे सर्वोच्च कार्यकारी अंग आपल्याच अटीपुढे नमले, ही गोष्ट मला त्या व्यवस्थेच्या थोरपणाची खूण वाटते.

या तत्त्वाची दुसरी बाजू निविदाकारावर येते. अटीचा अर्थ त्याला लागत नसेल तर त्याने तो विचारला पाहिजे. जाहिरातीत प्रश्न विचारण्याची मुदत दिलेली असते, आणि वेळेत आलेल्या प्रश्नाचे उत्तर निविदेच्या अंतिम मुदतीपूर्वी किमान सहा दिवस सर्व निविदाकारांना देणे खरेदीदारावर सामान्यतः बंधनकारक आहे. आपले व्यापारी, विचारले तर अज्ञान दिसेल या संकोचाने गप्प बसतात, किंवा आपल्या मनाचा अर्थ लावून निविदेत एखादी शर्त घालतात. शर्त घालणे सर्वांत घातक. डेन्मार्कमधील स्टोरबेल्ट सेतूच्या कामात मूळ अटींशी न जुळणाऱ्या प्रस्तावावर खरेदीदाराने वाटाघाटी केल्या, म्हणून १९९३ मध्ये न्यायालयाने डेन्मार्कला दोषी धरले. तेव्हापासून कोणताही सावध अधिकारी सशर्त निविदा हाती धरण्यास धजत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच सर्व दस्तऐवज वाचून शंकांची यादी करावी, प्रश्न अशा बेताने लिहावा की उत्तर 'होय' अथवा 'नाही' असेच यावे, आणि आपली व्यापारी गुपिते त्यातून उघड होणार नाहीत याची काळजी घ्यावी, कारण प्रश्न आणि उत्तर प्रतिस्पर्धीही वाचणार आहेत.

पात्रतेचा भाग लोक समजतात तितका कठीण नाही. पूर्वी प्रत्येक देशाचे दाखले प्रारंभीच जोडावे लागत. आता युरोपीय एकल खरेदी-दस्तऐवज नावाचा एक नमुना भरून स्वयंघोषणा करता येते, आणि मूळ दाखले सामान्यतः ज्याला काम मिळावयाचे त्याच्याकडूनच मागितले जातात. करांची थकबाकी, लाचलुचपत, फसवणूक, दिवाळखोरी अशी अपात्रतेची कारणे त्यात एकेक करून विचारलेली असतात. खोटे उत्तर देणे हे स्वतःच अपात्रतेचे कारण आहे. वार्षिक उलाढालीची अट सामान्यतः कामाच्या अंदाजित रकमेच्या दुपटीहून अधिक ठेवता येत नाही, ही तरतूद लहान कंपन्यांच्या हिताची आहे. पूर्वीची कामे वस्तू-सेवांसाठी तीन आणि बांधकामासाठी पाच वर्षांमागील धरतात. आपल्यापाशी ती नसतील तर दुसऱ्या कंपनीच्या सामर्थ्याचा आधार घेता येतो, मात्र त्या कंपनीची लेखी हमी आणि तिचा स्वतंत्र नमुना सोबत हवा, आणि ज्या अनुभवाचा आधार घेतला ते काम प्रत्यक्षात तिनेच करावयाचे असते.

येथे एक भेद न कळल्यामुळे पुष्कळ निविदा वाया जातात. ग्रीसमधील अलेक्झांड्रोपोली नगरपालिकेने सर्वेक्षणाच्या एका कामात निविदाकारांचा अनुभव आणि मनुष्यबळ हेच गुणदानाचे निकष केले, आणि निविदा आल्यानंतर समितीने त्यांना ६०, २० आणि २० टक्के असे भारांक दिले. २४ जानेवारी २००८ च्या निवाड्यात न्यायालयाने दोन्ही गोष्टी अमान्य केल्या: आधी न सांगितलेले भारांक मागाहून लावता येत नाहीत, आणि कंपनी सक्षम आहे की नाही हा पात्रतेचा प्रश्न असून, तिने देऊ केलेले काम किती चांगले हा वेगळा प्रश्न आहे. २०१४ च्या निर्देशाने यात एक सवलत दिली; त्या कामावर नेमल्या जाणाऱ्या विशिष्ट व्यक्तींची गुणवत्ता कामाच्या दर्जावर परिणाम करणारी असेल तर तिला गुण देता येतात. तात्पर्य, आपल्या कंपनीचा इतिहास, पारितोषिके आणि शाखांची संख्या गुणवत्तेच्या प्रकरणात लिहून काही मिळत नाही. तेथे या कामावर कोण बसणार, पहिल्या महिन्यात काय करणार, यंत्र बंद पडले तर किती तासांत माणूस पोहोचणार, हेच लिहावे.

गुणदान करणारा परीक्षक आणि निविदाकार यांचे नाते विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेसारखे आहे: विद्यार्थी हुशार असल्याचे परीक्षकाला ठाऊक असले तरी कोऱ्या जागेला त्याला गुण देता येत नाहीत. तेव्हा जाहीर निकषांचा क्रम हाच आपल्या प्रस्तावाचा क्रम ठेवावा, त्यांचीच शीर्षके वापरावीत, आणि प्रत्येक विधानामागे पुरावा ठेवावा. जेथे गुणवत्तेला ६० आणि किमतीला ४० गुण आहेत तेथे भाव थोडा कमी करण्यासाठी रात्र घालविण्यापेक्षा गुणवत्तेच्या उत्तरांवर ती घालवावी. किंमत सूत्रात घालून आपले गुण किती येतील, हे निविदा भरण्यापूर्वी स्वतः काढून पाहावे. सूत्र सहसा दिलेले असते आणि गणित सोपे असते. भाव अतिशय खाली गेला तर खरेदीदार लेखी खुलासा मागतो. खुलासा न मागता केवळ या कारणास्तव निविदा फेटाळता येत नाही, पण मजुरी आणि सामाजिक विम्याचे तेथील कायदे पाळून तो भाव कसा बसतो, हे सिद्ध करता आले नाही तर फेटाळली जाते. भारतातील मजुरीचा दर धरून युरोपात प्रत्यक्ष करावयाच्या सेवेचा भाव लावणाऱ्याची येथेच फसगत होते.

देशपरत्वे शिरस्ते बदलतात. पोलंडमध्ये मोठ्या कामांसाठी अंदाजित रकमेच्या तीन टक्क्यांपर्यंत अनामत मागता येते आणि निविदेवर मान्यताप्राप्त इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी लागते. ती मिळविण्यास परदेशी संचालकाला वेळ लागतो, म्हणून ती आधीच करून ठेवावी. जर्मनीत काम लहान भागांत विभागण्याची वहिवाट दृढ आहे, आणि नव्याने आत शिरणाऱ्याला ती फार सोयीची पडते. भाषा बहुतेक ठिकाणी त्या देशाची. इंग्रजीतून आरंभ करू इच्छिणाऱ्याला आयर्लंड, माल्टा आणि स्वतः संघाच्या संस्थांच्या निविदा जवळच्या आहेत, कारण संघाच्या संस्था कोणत्याही अधिकृत भाषेतील निविदा स्वीकारतात. भाषांतर कायद्याची परिभाषा जाणणाऱ्या व्यक्तीकडूनच करून घ्यावे.

निविदा दाखल करण्याची वेळ त्या देशाच्या घड्याळाप्रमाणे असते. मध्य युरोप उन्हाळ्यात भारताच्या साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतो, आणि हा बदल मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. त्या आठवड्यांतील मुदतींबाबत दुप्पट सावध राहावे. संगणकावरील दप्तर मुदत संपताच बंद होते आणि कोणाच्याही विनंतीने उघडत नाही. आदल्या दिवशी दाखल करणे हाच शहाणपणा.

निकाल विरुद्ध गेला तरी काम संपत नाही. मक्ता कोणाला द्यावयाचा हे कळविल्यानंतर करारावर स्वाक्षरी होण्यापूर्वी, पत्रव्यवहार इलेक्ट्रॉनिक असेल तर, किमान दहा दिवस थांबणे मोठ्या कामांत बंधनकारक आहे. हे दहा दिवस दाद मागण्यासाठी ठेवलेले आहेत, आणि ते निघून गेले की करार रद्द करून घेणे अत्यंत कठीण होते. जर्मनीत तर नियमभंग ध्यानात आल्यापासून दहा दिवसांच्या आत आधी खरेदीदाराकडेच लेखी हरकत नोंदवावी लागते, तसे न केल्यास पुढची दाद बंद होते. प्रत्येक पराभवावर फिर्याद करावी, असा माझा सल्ला मुळीच नाही. पण आपली निविदा का नाकारली आणि विजेत्याच्या निविदेचे तुलनात्मक गुण कोणते, हे लेखी विचारण्याचा हक्क प्रत्येक वेळी बजावावा. पंधरा दिवसांत उत्तर देणे खरेदीदाराचे कर्तव्य आहे, आणि त्या उत्तरातील गुणांची तालिका पुढच्या निविदेची सर्वोत्तम शिकवणी ठरते.

काम मिळाल्यावर पैशाची चिंता आपल्याकडच्या अनुभवावरून करू नये. २०११ च्या निर्देशानुसार सार्वजनिक संस्थेने बीजक मिळाल्यापासून सामान्यतः तीस दिवसांत, आणि इस्पितळांच्या बाबतीत देशाने तशी तरतूद केली असल्यास साठ दिवसांत पैसे चुकते करावयाचे असतात. विलंब झाल्यास युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरावर आठ टक्के अधिक व्याज आणि वसुलीखर्चापोटी किमान चाळीस युरो मागता येतात. बीजक मात्र पुष्कळ देशांत ठरलेल्या इलेक्ट्रॉनिक नमुन्यातच पाठवावे लागते, आणि अनेकदा ते 'पेपोल' या जाळ्यातून जाते. त्यावर मक्त्याचा क्रमांक आणि खरेदीदाराने दिलेला संदर्भ नसेल तर ते परत येते, आणि तीस दिवसांची मोजणी दुरुस्त बीजक पोहोचल्यावरच सुरू होते. म्हणून करारावर स्वाक्षरी करतानाच बीजक कोणत्या पत्त्यावर, कोणत्या नमुन्यात आणि कोणत्या संदर्भासह पाठवावयाचे, हे खरेदीदाराच्या हिशेब खात्याकडून लेखी घ्यावे.